पदराखालचा भांग

दुपारी दोन-अडीचच्या सुमाराला दुकानात जरा निवांत असतं. सकाळच्या ओपीडीच्या चिठ्ठ्या संपलेल्या असतात, संध्याकाळच्या अजून सुरू व्हायच्या असतात. अशा वेळी ती आली. पस्तिशीची असावी. डोक्याला घट्ट स्कार्फ, खांद्याला डब्याची पिशवी. आधी डोकेदुखीच्या गोळ्यांची एक स्ट्रिप घेतली, मग बाळाचा साबण, आणि मग मोबाइल माझ्यासमोर धरून एका बाटलीचा फोटो दाखवला. पाच टक्क्यांचं मिनॉक्सिडिल, केस विरळ होतात त्यावर डोक्याला लावायचं औषध. "भावासाठी हवंय," म्हणाली. मी बाटली काउंटरवर ठेवली, किती घ्यायचं, कसं लावायचं ते सांगू लागले. दुसऱ्यासाठी औषध नेणारं माणूस सहसा अर्धवट ऐकतं आणि "त्यावर लिहिलेलं असेल ना?" असं विचारून निघतं. ही एकेक शब्द टिपून घेत होती. पैसे दिले, बाटली पिशवीत तळाशी घातली आणि निघताना स्कार्फची गाठ सारखी करत म्हणाली, "आणि हे बायकांनी लावलं तर चालतं का हो ताई? सहज विचारते." मी म्हटलं, चालतं, पण आधी स्किनच्या डॉक्टरांना दाखवून घ्या; दिवस गेलेले असतील किंवा बाळ अंगावर पीत असेल तर मात्र लावायचं नाही. मला अजून बरंच सांगायचं होतं. तेवढ्यात पलीकडच्या दवाखान्यातला वॉर्डबॉय सलाइनची यादी घेऊन आला आणि ती "बरं, बरं" करत पायऱ्या उतरून गेली.

तिचं ते "भावासाठी" कितीतरी दिवस माझ्या डोक्यातून जाईना.

मिरज हे दवाखान्यांचं गाव. इकडून जत, कवठेमहांकाळ आणि तिकडून अथणी, कागवाड, चिकोडी असे लांबलांबचे पेशंट इथं येतात, त्यामुळं आमच्या काउंटरवर मराठी आणि कानडी दोन्ही चालतं. सासऱ्यांनी काढलेलं हे दुकान, मी बी. फार्म. होऊन या घरात आले आणि इथंच बसू लागले. या खुर्चीवरून माणसांची लाज फार जवळून दिसते. पूर्वी बायका पॅड मागताना दुकानातला पुरुष आत जाईपर्यंत थांबायच्या, आता मुली सरळ नाव सांगून घेतात. मूळव्याधीचं मलम, मनाच्या आजाराच्या गोळ्या, हेही हळूहळू मोकळं होत चाललंय. केसांचं औषध मात्र अजून खालच्या आवाजात मागितलं जातं. पोरं तरी चेष्टेचा आव आणून मागतात, "ताई, छप्पर उडायला लागलंय, काहीतरी द्या." बाई मागत नाही. ती भावासाठी नेते, नवऱ्यासाठी नेते, गावाकडच्या दिरासाठी नेते.

माझ्या आईच्या डोक्यावर कायम पदर असायचा. तासगावात, ऐन एप्रिलमध्ये, स्टोव्हसमोर घामाच्या धारा लागल्या तरी तो खाली यायचा नाही. आळीतल्या बायका म्हणायच्या, किती वळणाची सून आहे. आजीलाही त्याचा अभिमान होता. खरं तर आमच्या घरात तसा काही दंडक नव्हता. धाकटी काकू बिनपदराची वावरायची आणि तिला कुणी बोलायचं नाही. रविवारी न्हाऊन झालं की आई माजघराच्या दाराआड, उन्हाचा पट्टा पडायचा तिथं, पाठमोरी बसून केस वाळवायची. शिकेकाईचा आंबूस वास, ओल्या पंचाचा वास, आणि पदर नसलेलं आईचं डोकं. कपाळावरची केसांची रेघ जिथल्या तिथं होती. पण मधला भांग पुढून टाळूपर्यंत रुंद होत गेलेला, आणि त्याच्या दोन्ही बाजूंच्या केसांतून डोक्याची कातडी दिसायची. मी बघतेय असं कळलं की ती ओल्या केसांवरच पंचा ओढून घ्यायची. काही बोलायची नाही. मीही विचारायचे नाही.

फणीतून निघालेलं गुंतवळ ती बोटाभोवती गुंडाळून खिडकीच्या फटीत खोचून ठेवायची. "केसांवर भांडीऽऽ" अशी हाक देत एक बाई महिन्या-दोन महिन्यांनी आळीत यायची, तिला द्यायला. पाटीत स्टीलच्या वाट्या, गाळणी, चमचे असायचे. काकूच्या गुंतवळाला वाटी मिळायची. आईचं गुंतवळ ती बाई दोन बोटांत धरायची, चोळून बघायची आणि म्हणायची, "लई बारीक हाय वो तुमचा केस, वजन भरत न्हाई." आई काहीतरी किरकोळ घेऊन आत निघून यायची. त्या बाईच्या बोटांना जे कळलं होतं ते मला पुढं अभ्यासात भेटलं, आणि तेव्हा मला पुस्तकातल्या आकृतीआधी तिचा आवाज आठवला.

आईचे उपाय चालूच असायचे. माक्याचं तेल घरी कढवायची, त्याचा तो हिरवट काळपट उग्र वास उशीला, फणीला, तिच्या पोलक्याच्या गळ्याला लागलेला असायचा. जास्वंदीची पानं, मेथीचं वाटण, कांद्याचा रस, सगळं झालं. आणि जितके उपाय, तितकी कारणं सांगणारी माणसं. आजी म्हणायची, तेल लावायचा कंटाळा करते. मावशी म्हणायची, फार काळजी करतेस. शेजारच्या काकू बोअरच्या पाण्याला दोष द्यायच्या. आईनं स्वतःपुरतं एक कारण मनाशी पक्कं केलेलं होतं: माझ्या भावाच्या वेळी सव्वा महिना व्हायच्या आत डोक्यावरून पाणी घेतलं, त्याची ही शिक्षा. लग्नकार्याला ती गंगावन लावायची. ऋषिपंचमीच्या दिवशी तासगावच्या गणपतीचा रथ निघतो, तेव्हा भरणाऱ्या बाजारातून घेतलेलं ते गंगावन बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात, मलमलीच्या फडक्यात गुंडाळलेलं असायचं. आकडे खोचताना ती आतून कडी लावून घ्यायची. फोटोत तिचा आंबाडा भरगच्च दिसतो. त्या फोटोंत ती कधीच हसलेली नाही. मान हलू नये म्हणून अवघडून उभी राहिलेली कळते.

तर त्या बारीक केसाबद्दल. डोक्यावर साधारण एक लाख केस असतात आणि प्रत्येकाचं रहाटगाडगं वेगळं चालतं. एक केस दोन ते सहा वर्षं वाढतो, मग दोन-तीन आठवड्यांत त्याचं मूळ आक्रसतं, मग दोनेक महिने तो नुसता टिकून राहतो आणि गळतो. त्याच मुळातून नवा येतो. म्हणून रोज पन्नास-शंभर केस गळणं हा आजारच नव्हे. आनुवंशिक विरळपणात बिघडतं ते दुसरंच. दर फेरीला वाढीचा काळ तोकडा होतो आणि केसाचं मूळ आकारानं लहान होतं. आमच्या भागातल्या माणसाला हे उसावरून चटकन समजतं: लागणीचा ऊस जाड, मग खोडवा, मग निडवा, बुडखा तोच, पण दर तोडणीनंतरचा ऊस आणखी बारीक, आणखी आखूड. डोक्यावर शेवटी उरते ती गालावर असते तसली मऊ, रंगहीन लव. म्हणजे केस नाहीसा व्हायच्या कितीतरी आधी तो बारीक झालेला असतो, आणि गळालेले केस मोजत बसणाऱ्याला ते उमगतच नाही. त्वचारोगतज्ज्ञ भिंगाखाली हेच बघतात, भांगाजवळच्या एवढ्याशा जागेत जाड आणि बारीक केसांची सरमिसळ किती आहे ते. मी एकदा आईच्या फणीतले दोन केस पांढऱ्या कागदावर शेजारी शेजारी ठेवले होते. एक मानेजवळचा, काळा, ताठ, बोटाला जाणवणारा. दुसरा टाळूवरचा. तो कागदावर आहे की नाही ते कळायला कागद उजेडाकडे तिरका धरावा लागला.

शिक्षण संपलं त्या सुट्टीत मी हे आईला सांगितलं. माजघरातच बसलो होतो. म्हटलं, आई, यात तेलाचं काही नाही, पाण्याचं नाही, बाळंतपणाच्या पथ्याचंही नाही. हे रक्तातून आलंय. तुझ्याकडून काहीही चुकलेलं नाही. मला वाटलं होतं तिला हलकं वाटेल. ती खूप वेळ गप्प बसली. मग माझ्या मागं येऊन बसली, माझी वेणी सोडली, बोटांनी मधोमध भांग पाडला आणि वाकून बघत राहिली. तिचा श्वास मला डोक्यावर लागत होता.

"म्हणजे माझ्यामुळं तुलाही होणार?"

या प्रश्नाला माझ्याकडं तयार उत्तर नव्हतं, आणि आजही ते पुरतं नाही. वारसा म्हटलं की एक दोष उतरतो आणि दुसरा येऊन बसतो. आयुष्यभर ती स्वतःच्या हलगर्जीपणाला बोल लावत आली होती. माझ्या एका वाक्यानं ती आता देणारी झाली. मी तिला जे माहीत होतं ते सांगत गेले. तिचे वडील, आमचे अण्णा, यांच्या डोक्यावर कानामागच्या झालरीशिवाय काही नव्हतं. आजोळच्या आजीचा बुचडाही सुपारीएवढाच होता. म्हणजे तिलाही ते कुणीतरी दिलेलंच होतं, आणि देणाऱ्यांनाही कुणीतरी. "मामा टकला तर भाचा टकला" असं आपल्याकडं म्हणतात, त्यात तथ्य नाही असं नाही. पुरुषी संप्रेरकाला, म्हणजे हार्मोनला, पेशीत जागा देणाऱ्या ग्राहकाचं, म्हणजे रिसेप्टरचं, जनुक एक्स गुणसूत्रावर असतं आणि मुलाला ते आईकडूनच मिळतं. पण गोष्ट तेवढ्यावर संपत नाही. ब्रिटनमधल्या ५२ हजारांहून अधिक पुरुषांच्या जनुकांचा अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला, त्यात टकलाशी संबंध असलेल्या २८७ जागा सापडल्या, आणि त्यांतल्या बऱ्याचशा एक्सच्या बाहेरच्या होत्या. वडिलांकडूनही येतं, दोघांकडूनही थोडं थोडं येतं, आणि कुणाच्या वाट्याला किती येईल ते आधी सांगता येत नाही. बायकांच्या बाबतीत तर संप्रेरकाचा वाटाही पुरुषांइतका सरळ नाही. कित्येकींच्या रक्तात पुरुषी संप्रेरकं वाढलेली नसतातच, तरी भांग रुंदावतो. आईनं सगळं ऐकून घेतलं. शेवटी एवढंच म्हणाली, "तुझी अजून दाट आहेत." आणि वेणी घालून दिली, नेहमीपेक्षा सैल.

वेणी घट्ट ओढली तर केस जातात, हे मी तिला त्याच दुपारी सांगितलं होतं.

पुरुषांचं टक्कल नेमकं कशानं पडतं हे कळायलाही माणसाला फार काळ लागला. वृषण काढून टाकलेल्या पुरुषांना टक्कल पडत नाही अशी नोंद ग्रीक वैद्यांच्या जुन्या ग्रंथांतही सापडते, पण तिचा नीट शोध घेतला तो अमेरिकेतल्या जेम्स हॅमिल्टन या शरीररचनाशास्त्रज्ञानं, १९४२ साली. वयात यायच्या आधीच ज्यांचे वृषण निकामी झाले होते अशा पुरुषांचे केस त्यानं पाहिले: शाबूत. त्यांना टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी संप्रेरक दिलं, तर ज्यांच्या घराण्यात टक्कल होतं त्यांचे केस जाऊ लागले. देणं थांबवल्यावर जाणं थांबलं, मात्र गेलेले परत आले नाहीत. नुसतं संप्रेरक पुरत नाही, नुसतं घराणंही पुरत नाही, दोन्ही लागतं. टकलाच्या पायऱ्याही आधी त्यानंच आखल्या, पुढं १९७५ मध्ये नॉरवूडनं त्या सुधारल्या, आणि डॉक्टर आजही त्या सात पायऱ्यांवर बोट ठेवून पेशंटला दाखवतात. बायकांच्या भांगासाठीच्या तीन पायऱ्या १९७७ मध्ये लुडविग यांनी दिल्या. तीनच. आईचा भांग त्यांतल्या दुसऱ्या चित्रासारखा होता.

याहून मनात घर करून राहिलेली गोष्ट डॉमिनिकन रिपब्लिकमधल्या सालिनास नावाच्या खेड्याची आहे. तिथं काही मुलं जन्मतः मुलगी समजून वाढवली जात आणि वयात येताना त्यांच्यात मुलाची लक्षणं उमटू लागत. जुलियान इम्पेराटो-मॅकगिन्ली या डॉक्टर बाई तिथं गेल्या, आणि १९७४ मध्ये त्यांनी कारण मांडलं: टेस्टोस्टेरॉनचं डायहायड्रोटेस्टोस्टेरॉनमध्ये, म्हणजे डीएचटीमध्ये, रूपांतर करणारं एक विकर (एन्झाइम) या मुलांत पुरेसं नव्हतं. मोठेपणी या पुरुषांची प्रोस्टेट ग्रंथी लहानच राहत होती, आणि त्यांना टक्कल पडत नव्हतं. केसाचं मूळ आक्रसवणारा पदार्थ कोणता, याचा धागा तिथं मिळाला. ते विकर अडवणारं फिनास्टराइड हे औषध १९९२ मध्ये प्रोस्टेटसाठी आलं आणि १९९७ मध्ये एक मिलिग्रॅमच्या गोळीत टकलासाठी. मी ती स्ट्रिप हातात घेते तेव्हा त्या खेड्यातल्या मुलांचा विचार मनात येतो. त्यांनी काय काय सोसलं असेल, लोकांनी त्यांना काय नावं ठेवली असतील. त्यांच्या शरीरात जे कमी होतं, त्यातून जगभरच्या पुरुषांना औषध मिळालं.

मिनॉक्सिडिलची कथा निराळी. ते मुळात रक्तदाबाचं औषध. गोळ्या घेणाऱ्यांच्या कपाळावर, हातांवर, पाठीवर केस उगवू लागले, तो दुष्परिणामच पुढं उपयोगाला आणला गेला, आणि अमेरिकेत १९८८ मध्ये ते डोक्याला लावायचं औषध म्हणून मंजूर झालं. ते डीएचटीला हात लावत नाही. मुळाचा वाढीचा काळ लांबवतं. म्हणून लावणं बंद केलं की काही महिन्यांत केस पुन्हा आपल्या जुन्या वाटेला लागतात. हे मी प्रत्येकाला सांगते. काही जण ते ऐकून बाटली परत ठेवतात, आणि मला त्यात काही गैर वाटत नाही. वर्षानुवर्षं पाळायची गोष्ट आहे, ती समजून उमजूनच सुरू करावी.

माझ्या भावाचा माथा तिशीतच मोकळा झाला. वडिलांचे केस शेवटपर्यंत दाट होते. तो अण्णांवर गेला. स्थळं बघायच्या दिवसांत बायोडेटावर त्याचा कॉलेजचा फोटो लावायचं घरात ठरलं आणि त्यानं सरळ नकार दिला. पुढं डॉक्टरांच्या सल्ल्यानं तो फिनास्टराइड घेत होता. केस होते तेवढे टिकले, नवे फारसे आले नाहीत, आणि काही काळानं त्यानं स्वतःच ठरवून गोळी थांबवली, डोकं बारीक कापून घेतलं. त्याला ते शोभतं. मला त्याचा हा निर्णयही उपचाराइतकाच खरा वाटतो. फक्त तो त्याला घेता आला. आईला तसा पर्यायच कधी नव्हता. आपल्याकडं बाईचं बोडकं डोकं म्हटलं की कोणती आठवण जागी होते ते मी वेगळं सांगायला नको. आमच्या पणजीचा फोटो घरात आहे, लाल आलवणातला. आई त्या फोटोपुढं उभी राहायची नाही.

२०२५ च्या जानेवारीत बुलढाणा जिल्ह्यातून बातम्या येऊ लागल्या, तेव्हा हा विषय काही आठवडे काउंटरवर मोठ्या आवाजात बोलला गेला. शेगाव तालुक्यातल्या गावांत तीन-चार दिवसांत माणसांचे केस मुठीनं हातात येत होते, बायकांचे, पोरांचे, सगळ्यांचे. आधी पाण्यावर संशय गेला, मग रक्तात आणि केसांत सेलेनियम नावाचं मूलद्रव्य वाढलेलं आढळलं, आणि डॉ. हिंमतराव बावस्करांनी रेशनच्या गव्हाकडं बोट दाखवलं. माझ्याकडं लोक विचारायला येत होते, ताई, हे लागण होणारं आहे का? माझे गळतायत ते त्यातलेच का? त्या गावांतल्या लग्नाच्या मुलामुलींचं काय होणार हा प्रश्न मला सतावत होता. त्यांचे केस परत येण्यासारखे होते, कारण तिथं मूळ शाबूत होतं. बाळंतपणानंतर, डेंग्यूनंतर, टायफॉइडनंतर दोन-तीन महिन्यांनी असंच होतं. मूळ धक्का खातं, एकदम बरेच केस गळायच्या टप्प्यात जातात आणि मग बहुतेक वेळा आपोआप सावरतात. मावशी म्हणायची, बाळ हसायला लागलं की आईचे केस गळतात. वेळेचा हिशेब तिचा बरोबर होता. वारशानं जाणारे केस असे मुठीनं येत नाहीत. ते वर्षानुवर्षं कमी होत जातात, आणि त्यांची बातमी होत नाही.

बातमी होत नाही म्हणून बाजार होतो. आमच्या नेहमीच्या गिऱ्हाइकांतल्या एका मुलानं एका केंद्रात भलं मोठं पॅकेज घेतलं. पहिल्याच भेटीत त्याला आरशासमोर बसवून वरून प्रखर दिवा लावला आणि डोक्याचा फोटो मोठ्या पडद्यावर दाखवला. पोरगं घाबरून गेलं आणि हप्ते बांधून आलं. त्यात शॅम्पू होते, तेलं होती, बायोटिन या जीवनसत्त्वाच्या गोळ्या होत्या, मशिनी होत्या. डॉक्टर एकदाच दिसले. बायोटिनबद्दल तर मला फार सांगावंसं वाटतं. शरीरात त्याची कमतरता असेल तरच ते कामाचं, आणि ती फार थोड्यांना असते. शिवाय मोठ्या मात्रेत घेतलं तर थायरॉइडच्या आणि हृदयविकाराच्या काही तपासण्यांचे आकडे चुकतात. रक्त द्यायला जाताना लॅबमध्ये ते सांगायचं असतं, आणि कुणी सांगत नाही. खोबरेल तेलाचं म्हणाल तर ते केसाच्या आत शिरतं, केस तुटायचा कमी होतो, हात फिरवला की बरं वाटतं. ते जरूर लावावं. पण मुळाशी चाललेलं आक्रसणं त्यानं थांबत नाही. आणि केसांच्या रोपणाचा आधार न्यूयॉर्कच्या नॉर्मन ओरेंट्राइक यांनी १९५० च्या दशकात दाखवला: मानेमागचा केस पुढं लावला तरी तो आपला मागचा स्वभाव सोडत नाही, डीएचटीला दबत नाही. चांगल्या हाताखाली ते फार सुंदर होतं. लावलेले केस आधी काही आठवड्यांत गळतात, तीन-चार महिन्यांनी उगवू लागतात आणि पुरतं रूप यायला वर्ष जातं. पण भोवतीचे जुने केस विरळ होतच राहतात, म्हणून औषध सुटत नाही. हे शेवटचं वाक्य पॅकेजच्या कागदावर नसतं. ते असायला हवं, ठळक अक्षरात.

ती स्कार्फवाली पुढं पुन्हा आली. दुकानात दोन माणसं होती. ती दोघं जाईपर्यंत ही पोरांच्या बिस्किटांकडं बघत उभी राहिली. मग म्हणाली, "ताई, ते औषध लावल्यापासून जास्तच गळायला लागलेत." भाऊ या वेळी बोलण्यात आला नाही. मी तिला आत, फ्रिजजवळच्या स्टुलावर बसवलं. सांगितलं की पहिल्या काही आठवड्यांत असं होतं, जुने केस नव्यांना जागा देतात. घाबरून तिथंच सोडणारे सगळ्यात जास्त. लावायचं ते केसांना नाही, कातडीला, कोरड्या डोक्याला, भांग पाडून पाडून. बायकांना डॉक्टर बहुधा दोन टक्क्यांचं दोनदा नाहीतर पाच टक्क्यांचं एकदा देतात. जास्त लावलं म्हणून लवकर येत नाही, उलट ओघळून गालावर लव येते. निजायच्या आधी ते वाळलेलं असावं, हात धुवावेत. घरात मांजर आहे का, हेही विचारलं, कारण मांजरांना हे औषध विषारी असतं आणि ती उशी चाटतात. फरक कळायला चार ते सहा महिने लागतील. तिनं स्कार्फ सोडला. मी काही म्हटलं नव्हतं. ट्यूबलाइटच्या उजेडात तो भांग मी बघितला आणि मला काही क्षण बोलता आलं नाही, इतका तो ओळखीचा होता. तपासण्या केल्यात का विचारलं, तर नाही. हिमोग्लोबिन, फेरिटिन म्हणजे शरीरातला लोहाचा साठा, थायरॉइड, पाळी अनियमित असेल तर त्याची तपासणी, हे सगळं डॉक्टर बघतील आणि कमी असेल ते भरून काढतील, कारण वारशाच्या जोडीला लोह कमी असेल तर दोन्ही मिळून घात करतात. मी आमच्या इथल्या एका त्वचारोगतज्ज्ञांचं नाव चिठ्ठीवर लिहून दिलं. तिनं विचारलं, "माझी मुलगी आठ वर्षांची आहे. तिला?" तोच प्रश्न, माझ्या आईचाच.

मी तिला सांगितलं की होईलच असं नाही. आणि झालं तर तिला पहिल्या दिवसापासून कारण माहीत असेल, औषध माहीत असेल आणि विचारायला आई असेल. तुम्हाला यातलं काय मिळालं होतं? ती रडली. मी पाणी दिलं. मग आम्ही दोघींनी वॉर्डबॉयची यादी एकत्र वाचली, कारण त्याचं अक्षर मला लागत नव्हतं आणि तिला लागलं.

आई आता सत्तरीच्या पुढं आहे, तासगावात भावाकडं असते. तिला मी मागंच डॉक्टरांकडं नेलं होतं. त्यांनी भिंगातून पाहिलं आणि मोकळेपणानं सांगितलं की जिथं मूळ पार मिटलंय तिथं काही येणार नाही, आजूबाजूचे थोडे जाड होतील, टिकतील. आईनं औषध घ्यायचं नाही असं ठरवलं. पण भिंगाचं चित्र पडद्यावर बघायला मिळालं याचं तिला फार अप्रूप वाटलं. "ती भांडीवाली बरोबर सांगत होती," असं ती डॉक्टरांना म्हणाली आणि त्यांना सगळी हकिगत ऐकवली. घरी आल्यावर तिनं फोन हातात घेतला. आधी मावशीला, मग दोन्ही मामींना, मग चुलत बहिणींना. पदर अजून डोक्यावर असतो, तिला त्याची सवय झालीय. पण त्याच्याखाली काय आहे ते ती आता नाव घेऊन सांगते, अण्णांपासून सुरुवात करून.

परवा रात्री तिचा फोन आला. मामाची नात, अठ्ठावीस वर्षांची, पुण्यात नोकरीला असते. गणपतीला आली होती तेव्हा आईनं तिच्या भांगाकडं बघितलं. पोरगी म्हणाली, आजी, तिथलं टँकरचं पाणी खराब आहे. आईनं तिला समोर बसवून अर्धा तास शिकवलं, आणि मग मला फोन लावून दिला. येत्या शुक्रवारची वेळ घेतली आहे. रिपोर्ट आधी काढून आण म्हणून तिला सांगितलंय, आणि बायोटिनच्या गोळ्या चालू असतील तर त्या थांबवून मग रक्त दे, हेही.